सोडून दिलेली सुट्टी

ग्यानोबा सुभेदाराच्या पिंडाला कावळा काही शिवेना.

दहाव्याचा दिवस. नायगावाकडून दोन टेम्पो भरून माणसं गोदाकाठी गेलेली. ऊन डोक्यावर आलं, भटजींनी दोनदा घड्याळ बघितलं, आणि कावळे आपले समोरच्या बाभळीवर बसून गंमत बघून राहिलेले. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, हे काय कुणाला सांगायला पाहिजे? मग एकेक जण पुढं होऊ लागला. लेक हनुमंत हात जोडून म्हणाला, "दादा, आईला अंतर देणार न्हाई." कावळा ढिम्म. चुलतभाऊ म्हणाला, "सत्यशीलाचं माहेर तुटू देणार न्हाई." तरी नाही. शेवटी देवणीचा श्रीशैल पुढं आला. हा सुभेदाराचा फौजेतला जोडीदार, एकाच तंबूत अकरा वर्षं काढलेला. तो खाली बघतच म्हणाला, "ग्यानबा, ते सुट्टीचं मी वहिनीला सांगतो. आजच सांगतो. तू जा बाबा."

आणि कावळा उतरला की! भाताचं ढेकूळ उचललं आणि गेला. त्याला तेव्हाच भूक लागली असेल म्हणा, पण चाळीस माणसांनी डोळ्यांनी बघितलं. आता त्यांची समजूत कोण घालणार?

बायका नदीवर जात नाहीत, म्हणून सुभेदाराची बायको मंजुळाबाई घरीच होती. हनुमंतानं येऊन सगळं सांगितलं. कावळा शिवला म्हणून पोराचा जीव भांड्यात पडलेला, त्यामुळं त्यानं ते जरा हसतच सांगितलं.

"कोणची सुट्टी?" मंजुळाबाईनं विचारलं.

"काय माहीत. श्रीशैलकाका म्हणले, तुलाच सांगणार."

ओसरीवर माणसं बसली होती आणि सुभेदाराचं गुणगान चाललं होतं. गेलेल्या माणसाचं गुणगान करायला गाव कधी कंजुषी करत नाही, पण इथं एक शब्द खोटा नव्हता. पेन्शनीत आलेले बाकीचे फौजी नांदेडला, पुण्याला वॉचमनकी धरतात. ग्यानोबानं साफ नकार दिला. "पुन्यांदा कुणापुढं सुट्टी मागायला उभं राहायचं न्हाई," म्हणायचा. घरी राहिला. लेकीची, सत्यशीलाची वेणी घालायचा, तीही अशी ताठ, की शाळेतल्या बाई विचारायच्या, कुणी घातली गं? मंजुळाबाईला टायफॉइड झाला तेव्हा चुलीपुढं बसून भाकऱ्या थापल्या, रात्री तिचे पाय दाबले. गडी लोक हसायचे, 'बायकोचा अर्दली', म्हणजे हुकमाचा शिपाई, म्हणायचे. तो म्हणायचा, "हाव, हाय. मग?" अशा माणसाला चौपन्नाव्या वर्षी काळीज दगा देतं, म्हणजे देवाला काही हिशोब आहे की नाही!

मंजुळाबाई हे ऐकत होती आणि मनात एकच सुट्टी घोळत होती. तिला दुसरी ठाऊकच नव्हती.

सत्तावीस वर्षांपूर्वी ती पहिल्या बाळंतपणाला हदगावला माहेरी गेली होती. ग्यानोबा येणार होता. पत्र आलं होतं, सुट्टी मंजूर झाली. मग दुसरं पत्र आलं, रद्द झाली, कंपनीच्या बक्षी साहेबानं अर्ज फाडून तोंडावर फेकला. मुलगा झाला, एक महिना आधीच. एकोणीस दिवस जगला आणि गेला. तिच्या बापानं त्याला पुरलं. ग्यानोबा आला तो दोन महिन्यांनी, आणि दारातच ढसाढसा रडला.

तिनं सगळा राग त्या न बघितलेल्या साहेबावर काढला. काढला म्हणजे कसा? बायका होळीला बोंब मारत नाहीत. मंजुळाबाई मारायची. दर होळीला, पदर खोचून, "बक्ष्याच्या बैलाला…" अशी खच्चून, की पोरंसुद्धा लाजायची. सुभेदार गावी असला की शेजारी नारळ घेऊन उभा असायचा. एकदाही म्हणाला नाही, जाऊ दे गं.

माणसं पांगली तेव्हा श्रीशैल आत आला. मंजुळाबाई भिंतीला टेकून बसली होती. तो समोर बसला आणि नुसता टोपी चुरगाळत राहिला.

"बोला भावजी. कावळ्याला शब्द दिलाय तुमी."

"वहिनी, साहेबानं ग्यानबाची सुट्टी रद्द केली नव्हती. अर्ज बी फाडला न्हाई. माज्या बहिणीचं लगीन निघालं. बाप न्हाई, मी एकलाच. कंपनीतून एकालाच सोडणार व्हते. ग्यानबा आपणहून साहेबाकडं गेला. म्हणला, माज्या बायकूला आजून महिना हाय, माझी सुट्टी श्रीशैलला द्या. लेकरू लवकर येईल हे कुणाला ठावं! तार आली तवा साहेब म्हणले, तूच सोडलीस, आता तो आल्याबिगर कसं सोडू? म्हणजे साहेबानं न्हाई म्हणलं, हे काय अगदीच खोटं नव्हतं, वहिनी."

"आन् तवा तुमी कुटं व्हतात?"

"देवणीला." त्यानं टोपी जमिनीवर ठेवली. "मांडवात."

मंजुळाबाईला आधी काही वाटलंच नाही. मग तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. सुट्टी दिल्याचं तिला काही नव्हतं. बहिणीच्या लग्नाला दिली, पुण्याचं काम केलं. सांगितलं असतं तर चार दिवस रुसली असती, कपाळ बडवलं असतं, आणि मिटलं असतं. पण हा माणूस होळीमागून होळी शेजारी उभा राहिला! कुण्या परक्या माणसाच्या नावानं ती घसा फोडत होती, आणि हा नारळ धरून गप्प. मग ती वेणी, त्या भाकऱ्या, पाय दाबणं, ते सगळं काय होतं? माया होती की दंड भरत होता? आता विचारायचं तरी कुणाला! जाळून आले सगळे त्याला.

"लई डाव वाटलं सांगावं," श्रीशैल म्हणाला. "ग्यानबानं शपथ घातली व्हती. म्हणायचा, मंजुळा मला सोडून जाईल."

"कुटं जाणार व्हते मी? वेडा का खुळा त्यो!" आयुष्यात पहिल्यांदा तिनं नवऱ्याला अरेतुरे केलं आणि ते तिचं तिलाही कळलं नाही. "आन् तुमी? दर दिवाळीला या वसरीवर जेवलात. माज्या हातचं वाढून घेतलंत. घास कसा उतरला हो?"

श्रीशैल एक सुस्कारा टाकून म्हणाला, "सांगितलं, बरं झालं. ग्यानबा सुटला. मला बी हलकं वाटलं बगा." आणि गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागला. देवणीची गाडी होती साडेचारची.

"बसा."

तो अर्धवट वाकलेला तसाच थांबला.

"तुमी दोगं मोकळे झालात. आता माजं ऐका. त्या लेकराचं त्यानं मला कंदी काय इचारलं न्हाई. गोरं व्हतं का काळं, रडायचं कसं, कायबी न्हाई. मी म्हणायचे, फौजी माणूस, सोसत नसंल. म्हणून मी बी बोलले न्हाई. सत्तावीस वर्सं कुणापाशीच बोलले न्हाई." तिनं डोळे पुसले. "भावजी, तुमची सुट्टी किती दिसांची व्हती?"

"साठ," तो म्हणाला.

"माजं लेकरू एकोणीस दिस व्हतं. एकेक दीस सांगते. मदी उठायचं न्हाई."

श्रीशैल खाली बसला. हनुमंत दारात आला, आईचं तोंड बघून तिथंच उभा राहिला.

"पैल्या दिशी," मंजुळाबाई म्हणाली, "दाईनं त्याला पुसून माज्या कुशीत ठिवलं. नाक बापाचं व्हतं."