पुढची दोन काळी चाकं

मास्तर गाडी चालवायला शिकवत. अठ्ठावीस वर्षं शिकवत होते आणि त्यांच्या पांढऱ्या गाडीवर एवढासा डाग त्यांना खपत नसे. रोज सकाळी बादली-फडकं घेऊन ते तिला असं न्हाऊमाखू घालत, की बायको म्हणायची, "एवढी माया पोरांच्यासुद्धा वाट्याला आली नाही हो."

पण महिनाभर पुढची दोन चाकं त्यांच्या जिवावर उठली होती. सकाळी आरशासारखी घासावीत आणि संध्याकाळी बघावं, तर कोळशाच्या वखारीतून फिरून आल्यासारखी काळी. मागची दोन मात्र अगदी शहाण्या मुलांसारखी स्वच्छ.

मास्तरांनी खापर आधी रस्त्यावर फोडलं, मग फडक्यावर, शेवटी बायकोवर. कारण बरोबर महिन्यापूर्वी तिने पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकायचं मनावर घेतलं होतं.

"तू सारखी ब्रेकवर पाय ठेवून चालवतेस."

"मी? उलट मागून कोणी धरून ठेवल्यासारखी वाटते गाडी. कितीही दाबा, पळतच नाही मेली."

"नाचता येईना अंगण वाकडं!"

"अंगण तुमचंच आहे," बायको म्हणाली. "एकदा दाखवून तरी आणा."

गॅरेजवाल्या ताई बोलायला कमी आणि कामाला चोख. त्यांनी दोघांसमोर गाडी जॅकवर उचलली आणि पुढची चाकं उतरवली. आत साचलेली काळी भुकटी पाहून मास्तर फुंकर मारायला वाकले, तशा त्या ओरडल्या, "फुंकू नका! छातीत जाईल ते."

त्यांनी पाणी मारून भुकटी ओल्या फडक्याने पुसली.

"ही रस्त्याची धूळ नव्हे, मास्तर. ही तुमच्या ब्रेकची. चाकाबरोबर ही लोखंडी चकती फिरते आणि ब्रेक दाबला की दोन बाजूंचे पॅड तिला चिमटीत धरतात. धरताना झिजतात, त्याचा हा भुगा. थोडा प्रत्येक गाडीला पडतोच. मागचे ब्रेक डब्यात बंद असतात, म्हणून ती चाकं स्वच्छ."

"पण एवढा?"

"एकच चाक काळं असतं, तर म्हटलं असतं चिमटा अडकलाय. इथे दोन्ही सारखी आणि दोन्ही चिमटे मोकळे. पॅड मात्र दोन महिन्यांत अर्धे संपलेत."

"पॅडच हलके असतील."

"मी बसवलेत ते," ताई म्हणाल्या. मास्तर एकदम छताकडे बघू लागले. "कोणीतरी ब्रेक सोडतच नाहीये."

मास्तरांनी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं आणि हात धुवायला गेले. तेवढ्यात ताईंनी टायरवर खुणा करायचे दोन खडू काढले. शिकवायच्या गाडीला ब्रेक दोन असतात: एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक शिकवणाऱ्याच्या. ताईंनी पहिल्यावर पिवळा खडू घासला, दुसऱ्यावर पांढरा, आणि चाकं पुन्हा बसवून मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

"चला, एक फेरी मारू."

बायको चालवायला बसली. मास्तर शेजारी बसून "सावकाश, सावकाश" म्हणत राहिले. रस्त्यात एक कबुतर उतरलं तेव्हा ते सीटवरून अर्धे उठलेसुद्धा. परत आल्यावर ताई म्हणाल्या, "दोघांनी बूट दाखवा."

बायकोच्या बुटाच्या तळाला बोट पुसल्याइतकं पिवळं होतं. मास्तरांचा बूट पिठाच्या गिरणीत राहायला गेल्यासारखा दिसत होता.

"अहो, तयारीत असावं लागतं!" मास्तर म्हणाले.

"तयारीत असणं वेगळं आणि ब्रेकवर उभं राहणं वेगळं," ताई म्हणाल्या.

बायकोने कमरेवर हात ठेवले. "अठ्ठावीस वर्षं परक्यांवर भरवसा ठेवलात. चाकं काळी झाली ती मी बसल्यावर!"

मास्तर खाली वाकून बुटावरचा खडू झटकू लागले. मग हळूच म्हणाले, "परक्यांना काही झालं तर वाईट वाटेल. तुला काही झालं, तर मी काय करू?"

बायकोचा आवाज खाली आला. "मग नीट शिकवा. दाबून ठेवून कोण शिकलंय?"

ताईंनी नवे पॅड घातले आणि वर मास्तरांच्या ब्रेकला एक भोंगा जोडून दिला. पाय टेकला की ओरडलाच पाहिजे. पहिल्या दिवशी तो इतका ओरडला की लोक रस्ता सोडून फुटपाथवर चढले. दुसऱ्या दिवशी मास्तर चक्क मांडी घालून बसले.

तिसऱ्या दिवशी एका गल्लीतून सामान लादलेली हातगाडी मागच्या मागे घरंगळत थेट रस्त्यावर आली. मास्तरांनी मांडी सोडवायची धडपड केली, ती सुटेना, तेव्हा देवाचं नाव घेऊन डोळे मिटले. भोंगा वाजला नाही, की काही आपटलं नाही.

"उघडा डोळे," बायको म्हणाली. "मी केव्हाची थांबलेय."

हातगाडीवाला हात-दीड हात अंतरावर उभा राहून मान डोलावत होता. मास्तर मुंग्या आलेला पाय हळूच चोळत होते.

पंधरा दिवसांनी परीक्षा झाली. गाडी थांबल्यावर परीक्षकाने विचारलं, "छान चालवता. शिकवलं कोणी?"

"गॅरेजवाल्या ताईंनी," बायको म्हणाली. मग काचेबाहेर नवऱ्याचा पडलेला चेहरा पाहून तिने जोडलं, "आणि थोडंसं यांनी."

पास झाल्याचा कागद हातात पडल्यावर मास्तर गाडीला वळसा घालून गेले. पुढच्या चाकांवर नेहमीचीच, बोटाला जेमतेम लागेल एवढी राखाडी धूळ होती. त्यांनी सवयीने फडकं काढलं, आणि बायकोने हॉर्न वाजवून सांगितलं, "बसा लवकर! घरी मी नेतेय."