दुसऱ्या बटणाची उंची

सरांनी घर रंगवून घेतलं ते बायको परत यावी म्हणून. हे अर्थातच त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शेजाऱ्यांना सांगितलं की भिंतींना ओल आली होती. रंगाऱ्याला सांगितलं की बरीच वर्षं झाली. स्वतःला सांगितलं की घर म्हटलं की रंग हा आलाच.

बायको काही भांडून गेली नव्हती. भांडून गेलेल्या बायकोला परत आणायच्या पद्धती ठरलेल्या असतात. ही लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, आणि तिथून माणूस परत मागवायची समाजाने काही सोय करून ठेवलेली नाही. जाताना म्हणाली होती, "तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे." मग बाळ रांगायला लागेपर्यंत, असं ठरलं. मग बरंसं पाळणाघर मिळेपर्यंत. बाळ आता सोफ्यावरून उड्या मारत होतं आणि पाळणाघराचा विषय कुणी काढत नव्हतं.

सर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. गल्लीत, दुकानात, बँकेत सगळे त्यांना 'सर'च म्हणत. 'अहो' म्हणणारं माणूस एकच, आणि ते तिकडे. तिकडे म्हणजे लेकीच्या गावी. पण त्या गावाचं नाव सर शक्यतो घेत नसत. रस्त्यात कुणी कुणाला "अहो!" करून हाक मारली की सर वळून बघत. बहुतेक वेळा कुणाला तरी गाडी मागे घ्यायची असे.

रंगाऱ्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "सर, भिंतीवरची भोकं बुजवून घेऊ ना?"

"सगळी बुजवा," सर म्हणाले. घरात काम काढलं की माणसाला एक दिलदारपणा चढतो, त्यातलाच हा प्रकार. रंगाऱ्याने मन लावून पुट्टी भरली. रंग वाळला, सामान जागच्या जागी गेलं. मग सर चादरीत गुंडाळून ठेवलेलं चित्र घेऊन बाहेरच्या खोलीत आले, आणि ते नेमकं कुठे लागलेलं होतं हे भिंत साफ विसरून गेलीय, असं त्यांच्या लक्षात आलं.

घरात चित्र हे एवढं एकच. लग्नानंतर लगेचच बायकोने एका प्रदर्शनातून पसंत केलेलं. टेबलावर एक किटली आणि दोन कप, संपलं. किटलीची सावली उजवीकडे पडलेली आणि कपांची डावीकडे. सरांनी ही चूक तिथल्या तिथे पकडली होती.

"एकाची सावली इकडे आणि दुसऱ्याची तिकडे, असं होत नसतं."

"दोन खिडक्या असतील," ती म्हणाली.

"कुठायत खिडक्या?"

"खोलीत. चित्राच्या बाहेर."

यावर संख्याशास्त्रात उत्तर नव्हतं. चित्र घरी आलं.

लावलंही तिनेच. सर ताडमाड, आणि उंचीच्या बाबतीत तिने जरा आटोपतंच घेतलेलं. शेजारी उभी राहिली की तिचा माथा सरांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाला लागायचा. तिने आपल्या डोळ्यांसमोर येईल अशा बेताने खिळा ठोकला, त्यामुळे सरांच्या वाट्याला ते चित्र बरगड्यांच्या उंचीवर आलं. वरून बघितलं की काचेत ट्यूबलाइट दिसे, किटली दिसत नसे. येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्यासमोर वाकायचा आणि घरात विनाकारण नम्रतेचं वातावरण तयार व्हायचं.

"इतकं खाली कुणी लावतं का ग?"

"मला दिसतंय," ती म्हणायची. वाद तिथे मिटायचा आणि पुढच्या पाहुण्याबरोबर परत सुरू व्हायचा.

ते जरा जरी कललं तरी तिला स्वयंपाकघरात कळायचं. परक्याच्या घरातसुद्धा वाकडी फ्रेम दिसली की ती हातातला चहा खाली ठेवून उठायची. एकदा अंगात सणसणून ताप असताना, नंबर पुकारलेला असताना, तिने आधी दवाखान्याच्या भिंतीवरचं मोठ्या आतड्याचं चित्र सरळ केलं आणि मग डॉक्टरांकडे गेली.

सरांनी फोन लावला. एरवी फोन तिचा यायचा, बाळ झोपलं की. आपण लावायचा तर काही कारण लागतं, असा सरांचा समज होता. आज कारण होतं.

"अगं, रंग झाला."

"हो का? कुठला दिलात?"

"तुला हवा होता तोच. फिका पिवळा."

"आणि इतकी वर्षं काय म्हणत होतात? घराला कावीळ झाल्यासारखं दिसेल."

"दिसतंय तसंच. पण बरं दिसतंय."

ती हसली. सरांना धीर आला. "ते चित्र लावायचं राहिलंय. किती उंचीवर होतं ग नेमकं? भोकं सगळी बुजली."

हा प्रश्न सरांनी सकाळपासून घोळवला होता. त्याला त्यांच्या मते एकच उत्तर शक्य होतं: थांबा, मी आल्यावर लावू. पलीकडे काहीतरी आपटलं. "अरे, ते तोंडात नाही घालायचं, शी आहे ते! हां, काय म्हणालात? चित्र ना? आता तुमच्या उंचीला लावा की. बघणारे तुम्हीच आहात."

बोलली ती मायेनेच. इतक्या वर्षांचा वाद सर एका वाक्यात जिंकले होते. त्यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ चित्राशेजारी नुसते बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मेहुणा आला. हा बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं फर्निचरचं दुकान होतं, त्यामुळे गावातल्या यच्चयावत भिंती आपल्या अखत्यारीत येतात अशी त्याची समजूत होती. येताना ड्रिल आणि बुडबुड्याची पाणसळ घेऊन आला.

"भाऊजी, चित्राचा मध्य डोळ्यांच्या पातळीला यायला पाहिजे. नियमच आहे तसा."

"कुणाच्या डोळ्यांच्या?"

"सरासरी माणसाच्या."

हा सरासरी माणूस सरांनी जन्मभर फळ्यावर काढून दाखवला होता. तो त्यांना कधीच कुठे भेटला नव्हता, आणि आता म्हणे त्यांच्या घरातलं चित्र बघायला येणार होता.

"पूर्वी खाली होतं," ते म्हणाले.

"ते ताईचं खूळ. ताई काय, एवढीशी. शाळेत तिला पहिल्या बाकावर बसवायचे आणि तरी बाई विचारायच्या, आज आली नाही का?" मेहुण्याने भिंतीवर खूण केली आणि ड्रिल रोखलं. "आणि आता तर आणखी खाली बसली असेल. वयाप्रमाणे बसतातच माणसं. म्हणून तर तिकडचं कपाट तिला बुटकं बघूनच घ्यायला लावलं मी. वरच्या खणाला हात पोचला नाही तर काय चाटायचंय?"

ड्रिल सुरू झालं, घरघरलं, थांबलं. पिवळ्या रंगाची आणि विटेची भुकटी जमिनीवर पडली.

"कसलं कपाट?" सरांनी विचारलं.

मेहुणा वळला नाही. "म्हणजे, कपड्यांचं. बॅगेतून किती दिवस कपडे काढायचे, म्हणत होती. बोलली असेल ना तुम्हाला?"

"हो, बोलली की," सर म्हणाले. आणि थोड्या वेळाने म्हणाले, "आरसा आहे?"

"आहे. दाराच्या आतून."

"बरं झालं."

बॅग उघडी आहे तोवर माणूस पाहुणा असतो, एवढ्या एका गृहीतकावर सरांनी आजवरचे दिवस काढले होते. तिकडच्या खोलीच्या कोपऱ्यात तिची निळी बॅग उघडी पडलेली त्यांनी स्वतः बघितली होती. ती आता कपाटावर, वर, भिंतीशी गेली असणार.

"मग तुम्हीच का जात नाही तिकडे, भाऊजी?" मेहुण्याने प्लग ठोकता ठोकता विचारलं.

"गेलो होतो ना."

गेले होतेच. हॉलमधल्या सोफ्यावर झोपायचे. पाय बाहेर यायचे. जावई पहाटे पाणी प्यायला उठला की त्या पायांना अडखळायचा आणि "सॉरी बाबा" म्हणायचा. पायांच्या वतीने सरही सॉरी म्हणायचे. दोन्ही बाजूंनी रोज इतकी माफी मागितली जायला लागली की माणसाने आपल्या घरी यावं हे उत्तम. निघताना ती दारापर्यंत आली होती. सरांच्या दुसऱ्या बटणाचा दोरा सुटला होता, तो तिने दाताने तोडला आणि म्हणाली, "वेळेवर जेवत जा." तिचा माथा हनुवटीखाली होता तेवढ्यात सर म्हणणार होते, चल. एवढंच, दोन अक्षरं. पण जावयाने गाडी खाली आल्याचं सांगितलं, आणि गाडीला थांबवून ठेवणं सरांच्या स्वभावात नव्हतं.

मेहुण्याने चित्र टांगलं, वर पाणसळ ठेवली, बुडबुडा बरोब्बर मधोमध आणला. "एक नंबर," असं स्वतःलाच सांगून, चहा पिऊन तो गेला.

सर चित्रासमोर उभे राहिले. सरासरी माणसाला त्यात काय दिसत असेल ते असो, सरांना अजूनही ट्यूबलाइटच दिसत होती.

त्यांनी चित्र उतरवलं. मेहुण्याच्या भोकापासून जरा बाजूला, भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहिले, दुसरं बटण चाचपलं आणि हात मागे नेऊन अंदाजाने पेन्सिलीची रेघ मारली. हा झाला माथा. डोळे कुठे? सरांनी तळहात आडवा धरला, मग थबकले. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोचं कपाळ किती रुंद आहे हे आपण कधी नीट बघितलं नाही, याचं त्यांना वाईट वाटलं. शेवटी चार बोटं धरली. चुकलंच तर बोटभर, असं म्हणून त्यांनी हातोडी उचलली.

पहिल्या घावाला नव्या रंगाचा टवका उडाला. दुसऱ्याला खिळा वाकला. तो वाकडाच भिंतीत बसला आणि हलेना. सरांनी त्यावर चित्र अडकवलं. डावी बाजू लगेच खाली गेली.

मग ते स्वयंपाकघरातून स्टूल घेऊन आले. वरच्या फळीवरचे डबे काढायला ती या स्टुलावर चढायची. चढली की तिचे डोळे सरांच्या डोळ्यांसमोर यायचे, आणि डबा काढायचा सोडून ती म्हणायची, "वा, इकडे वर हवा बरी आहे हो." त्या स्टुलावर सर आता बसले, पाठ ताठ केली, मग जरा पोक काढला, आणि समोर बघितलं.

ट्यूबलाइट गेली होती. काच असल्याचंच कळत नव्हतं. किटली होती, कप होते, सावल्या होत्या, एक इकडे आणि दोन तिकडे. आणि किटलीच्या फुगीर पोटावर, डाव्या बाजूला, नखाएवढा पांढरा चौकोन होता. उजव्या बाजूला आणखी एक. दोन्हींत बारीक ब्रशने काढलेल्या उभ्याआडव्या चौकटी.

सर पुढे झुकले, मागे आले, पुन्हा झुकले. दोन खिडक्या.

फोन त्यांनी लावला तेव्हा त्यांच्याकडे कारण होतं की नाही, हे त्यांनी तपासलं नाही. चेहरा दिसेल असा लावला.

"अहो, काय झालं? या वेळेला कसा फोन?" ती ओल्या हातांनी आली होती.

"काही नाही. दोन खिडक्या आहेत."

"कुठे?"

"किटलीवर."

तिला समजायला क्षणभर वेळ लागला. मग ती हसली. "आहेतच. घरी आणून लावलं त्या दिवशीच दिसल्या मला."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मोजून मोकळे झाला असतात. दाखवा बरं, कसं दिसतंय नव्या रंगावर."

सरांनी फोन भिंतीकडे फिरवला. तिचा चेहरा त्यांना दिसेनासा झाला, फक्त आवाज राहिला.

"अहो, हे तर खालीच लावलंय. तुमच्या उंचीला लावा म्हटलं होतं ना?"

"तुझ्या उंचीला लावलंय."

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

"मग तुम्हाला दिसतं कसं?"

"स्टुलावर बसून."

मागे बाळ कुठल्याशा भांड्यावर काहीतरी बडवत होतं.

"कपाट कसं आहे?" सरांनी विचारलं.

"सांगणारच होते मी." मग जरा थांबून, "बुटकं आहे. अर्धं रिकामंच आहे अजून."

अर्धं कुणासाठी रिकामं, की नुसतंच रिकामं, हे सरांना कळलं नाही. विचारायला तोंड उघडलं तेवढ्यात तिचा आवाज एकदम कामाला लागला.

"आणि काय हो, डावीकडून खाली आलंय ते!"

"आलंय."

"मग सरळ करा की. दिसत नाही का?"

"खिळा वाकलाय."

"थांबा, हात लावू नका त्याला. आणखी टवके पाडाल. राहू दे तसंच. मी आल्यावर बघते."

कधी, ते सरांनी विचारलं नाही. 'आल्यावर' या शब्दाला तारीख नसते, त्यामुळे त्यावर कुठलंही गणित चालत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "बरं," ते म्हणाले, आणि तिने फोन ठेवला तरी ते तो तसाच भिंतीकडे धरून बसले.

मेहुण्याने पाडलेलं वरचं भोक तसंच रिकामं आहे. कामाच्या बाई रोज सकाळी काच पुसतात, आणि पुसता पुसता चित्र सरळ करून जातात. त्या गेल्या, दार लागलं, की सर उठतात आणि डावी बाजू पुन्हा जराशी खाली ओढून ठेवतात.