औषधांच्या ट्रॉलीने पाहिलेले धाडस

मी एक जुनी ट्रॉली आहे, मित्रांनो. रुग्णालयातली, औषधांची. आता मी सामानाच्या खोलीत उभी असते आणि माझ्या डोक्यावर उशांचा ढीग असतो. पण माझ्या उमेदीच्या काळात वॉर्डात मी जे पाहिले, ते आठवले की आजही माझा ऊर भरून येतो. लोखंडाला ऊर कुठला, असे विचारू नका. वरचा कप्पा आहे ना!

पत्रे कापण्याच्या एका कारखान्यात मला ठोकून, वाकवून, सांधून उभे केले आणि वर पांढरा रंग फासला. एक चाक मात्र पहिल्यापासून हट्टी निघाले. सरळ ढकलले तरी ते डावीकडे ओढायचे आणि वर कुरकुरायचे. त्यामुळे वॉर्डात सगळे मला म्हातारी म्हणू लागले, तेही माझा रंग वाळायच्या आत! मला राग यायचा. पण माझा आवाज ऐकून रुग्ण उशीवरून मान उचलत आणि "आली बघा औषधं" म्हणत, तेव्हा तो राग पळून जाई.

मला ढकलणाऱ्या सिस्टर अनेक होत्या. त्यांत एक अगदी नवी होती. बारीक आवाजाची, तुरुतुरु चालणारी. तिला सगळे चिमणी म्हणत.

एका सकाळी चिमणीने एका काकांसाठी इन्शुलिनचे इंजेक्शन भरले. इन्शुलिन म्हणजे रक्तातली साखर उतरवणारे औषध. गरज असलेल्याला ते तारते, नसलेल्याच्या जिवावर बेतते. तेवढ्यात एका रुग्णाच्या बायकोने विचारले, "डॉक्टर कधी येणार हो?" मग फोन वाजला. कोणीतरी कपाटाची किल्ली मागितली. चिमणीने सगळ्यांना उत्तरे दिली, ती वळली आणि ते इंजेक्शन तिने शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना दिले.

कोणाच्याच ते लक्षात आले नाही. आजोबांनी तर "हात हलका आहे हो तुझा, पोरी," अशी शाबासकीही दिली. रिकामी सिरिंज माझ्यावर ठेवताना तिची नजर काकांकडे गेली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने माझी दांडी घट्ट धरली. ती गप्प राहिली असती तर कोणाला कळले असते? काही बरेवाईट झाले असते, तर ते आजोबांच्या वयावर खपून गेले असते.

ती धावत सुटली, थेट इन्चार्ज सिस्टरांकडे. "सिस्टर, माझ्याकडून चूक झाली. काकांचं इन्शुलिन मी आजोबांना दिलं. आत्ताच."

इन्चार्ज सिस्टरांचा साऱ्या वॉर्डाला धाक. मला वाटले, आता हिची काही खैर नाही. पण त्या एवढेच म्हणाल्या, "चल. आधी आजोबा."

साखरेचे पाणी आले, सलाईन लागले, डॉक्टर आले, बोट टोचून पुन्हा पुन्हा साखर तपासली गेली. आजोबांना दरदरून घाम फुटला, पण मदत आधीच उशाशी उभी होती. काकांनाही त्यांचे औषध मिळाले. संध्याकाळपर्यंत आजोबा सावरले आणि जेवण कधी येणार म्हणून भुणभुण करू लागले.

डॉक्टर हळूच म्हणाले, "निभावलं ना? मग आजोबांना आणि त्यांच्या मुलीला कशाला सांगायचं? उगाच बोभाटा."

"अंग त्यांचं आहे, डॉक्टर. त्यात काय गेलं ते त्यांना कळायलाच हवं," इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, आणि चिमणीला सोबत घेऊन त्यांनी दोघांनाही सगळे सांगितले.

आजोबांची मुलगी संतापली. संतापणारच, बाप होता तिचा! "हिला आजच्या आज काढून टाका!"

"तुमचा राग रास्त आहे," इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या. "चौकशी होईल, आणि मीही तुमची माफी मागते. पण आज हिला काढलं, तर उद्या दुसरीच्या हातून काही झाल्यावर मला येऊन कोण सांगेल?"

मुलीने आजोबांचे पांघरूण सारखे केले. मग म्हणाली, "निदान बाबांच्या खाटेजवळ तरी ती नको."

दुसऱ्या दिवशी इन्चार्ज सिस्टर स्वतः मला ढकलायला निघाल्या. दर खाटेपाशी कोणी ना कोणी त्यांना थांबवत होते. शेवटी त्या मध्येच उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ही पोर एकटी नाही चुकली. आपण सगळ्यांनी सारखं हटकून तिला चुकायला लावलंय." त्यातून लाल पट्टा आला. औषधे देणाऱ्या सिस्टरने तो कमरेला बांधायचा, आणि तो असेपर्यंत तिच्याशी कोणी बोलायचे नाही. तिनेही रुग्णाला नाव विचारून, मनगटावरच्या नावाशी ताडूनच औषध द्यायचे. "आता ट्रॅफिक पोलिसासारखी एक शिट्टीही द्या!" अशी थट्टा झाली. पण हळूहळू डॉक्टरही पट्टा दिसला की तोंडातला प्रश्न गिळू लागले.

चिमणी मात्र माझ्याजवळ येईना. तेव्हा एके दिवशी इन्चार्ज सिस्टरांनीच तिच्या कमरेला पट्टा बांधला. "घाबर, पण जा," त्या म्हणाल्या आणि तिच्याबरोबर चालू लागल्या. आजोबांच्या खाटेपाशी चिमणी थांबली. इन्चार्ज सिस्टर पुढे झाल्या.

"तुम्ही नको. तिलाच देऊ द्या," आजोबा म्हणाले.

"बाबा, काय बोलताय तुम्ही? हिनंच तर..."

"ठाऊक आहे मला. हिची चूक मला कळली, कारण हिनं ती सांगितली. बाकीच्यांचं मला काय माहीत?" असे म्हणून त्यांनी आपले मनगट चिमणीपुढे धरले. मुलगी आणखी काही बोलणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवले. "श्श! पट्टा बांधलाय तिनं."

चिमणीने नाव विचारले. आजोबांनी आपले नाव खणखणीत सांगितले. मुलगी पेल्यात पाणी ओतू लागली. एवढी मोठी माणसे मी त्याआधी पाहिली नव्हती, मित्रांनो.

आता माझ्या जागी नवी ट्रॉली आली आहे. माझ्या चाकाला तेल घाला, असे मी म्हणत नाही. तुमच्या हातून काही चुकले तर मात्र लगेच जाऊन सांगा. आणि कोणी थरथरत तुमच्याकडे सांगायला आले, तर आधी त्याचे ऐकून घ्या. ओरडायला आपल्याकडे पुष्कळ वेळ असतो, खाटेवरच्या माणसाकडे तो नसतो.