क्लेलियाबाईंच्या आरशावरचं सोनं

इटलीतल्या लुक्का गावात मी चाळीस वर्षं लाकडी चौकटींवर सोन्याचा वर्ख चढवला. पण हातात कापसाचा बोळा धरून रडत आलेलं गिऱ्हाईक एकच, बेर्तोलाच्चींची नवी सून ओर्तेन्सिया. साल एकोणीसशे एकसष्ट, ईस्टरच्या आधीचा रविवार.

"उस्ताद, मी सोनं पुसून टाकलं हो!"

तिच्या सासूबाईंच्या, क्लेलियाबाईंच्या आरशाविषयी मी फक्त ऐकून होतो. दीडशे वर्षांपूर्वीचा, माणसाएवढा उंच. माथ्यावर जुन्या ग्रीक धाटणीचा कलश, दोन्ही अंगांना कोरलेल्या फुलमाळा. बाई त्याच्याजवळ कुणाला फिरकू देत नसत. त्या चर्चला गेल्या तशी सुनेने हौसेने स्पिरिट घेऊन चौकट पुसायला काढली होती.

मी बोळा उजेडात धरला. रंग गढूळ, तपकिरी. मनात शंका आली. "चल, बघू तरी," म्हणत तिच्याबरोबर निघालो.

तिने वीतभर पुसलं होतं. तिथे मऊ, पिवळंधमक सोनं चमकत होतं. आजूबाजूची चौकट मात्र काळपट.

"पोरी, तू काढलास तो बाजारचा पितळी रंग. खरं सोनं खाली आहे, जसंच्या तसं!"

ती मटकन खुर्चीत बसली. "म्हणजे मला घराबाहेर नाही काढणार?"

तेवढ्यात क्लेलियाबाई दारात उभ्या. आरसा बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी केलं, आई," सून पुटपुटली.

बाई तिच्याकडे बघेचनात. "उस्ताद, डावीकडची माळ... तिच्यावरचं सोनं किती गेलंय?"

आवाजात राग नव्हता, भीती होती. मग त्याच सांगू लागल्या. "लग्नाला सहा महिने झाले होते. मी ती माळ ओल्या फडक्याने पुसली. सोनं फडक्यावर आलं, वर्खाखाली देतात तो लाल मातीचा थर उघडा पडला. सासू दोन दिवस बहिणीकडे गेलेली. मी रंग आणला आणि सगळी चौकटच रंगवून टाकली. एकोणपन्नास वर्षं झाली. सासू गेली, नवरा गेला, कुणाला कळलं नाही."

"आई, तुम्हीसुद्धा?"

"गप गं! तू निदान कबूल तरी केलंस."

मी डावी माळ रंगाखालून हळूहळू मोकळी केली. तीन फुलं आणि एक पान, एवढंच उघडं पडलेलं. बाकी सगळं शाबूत.

"एवढंच?" बाईंनी दोनदा विचारलं. "मला तर वाटत होतं, अर्धी माळ गेली."

"एवढंच. दोन दिवसांचं काम."

त्या भिंतीला टेकल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. आधी सून बावरली, मग तीही हसायला लागली. जरा वेळाने बाईंनी चर्चच्या पोशाखावरच एप्रन बांधला.

"बोळा दे इकडे. उजवी बाजू माझी."

"हात दुखतील तुमचे," सून म्हणाली.

"दुखू देत. आणि उस्ताद, तिला शिकवा नीट. माझ्यासारखं पाणी नको लावायला."