खंडेनवमीच्या बंदुका

अमृतरावांच्या शेतावरच्या बंदुकांतून सुटायची ती रंगाची गोळी. लागली की चिमटा काढल्यासारखं व्हायचं आणि कपड्यावर निळा नाहीतर केशरी डाग उमटायचा. एकमेकांना असं रंगवून घ्यायला लातूरहून माणसं गाड्या करकरून यायची, आणि तीही ऐन दुष्काळात. निलंगा-उदगीर रस्त्यावरच्या त्या माळावर सोयाबीन गुडघ्याएवढं होण्याआधीच करपून गेलं होतं. दुसरं काही उगवेना म्हणून अमृतरावांनी पेंटबॉल पेरला. माणूस हिकमती, हे त्यांच्या वैऱ्यानंही कबूल करावं.

बंदुकांची देखभाल महानंदाकडे होती. त्याआधी ती गावात शिलाई मशिनी दुरुस्त करायची. बंदुका विकायला आलेल्या हैदराबादच्या माणसानं एक बंदूक तिच्यासमोर खोलून पुन्हा जोडली, तेवढं तिला पुरलं. खेळ संपला की ती आधी हवेची टाकी सोडवायची, आत अडकलेली हवा जमिनीकडे तोंड करून उडवून टाकायची. मग वरचा गोळ्यांचा डबा, मग नळी. नळीत फुटलेल्या गोळीचा चिकट रंग ओल्या फडक्यानं ओढून काढायचा, कोरड्यानं पुसायचा. शेवटी आतला दट्ट्या बाहेर घेऊन त्याच्या रबरी कड्यांना बंदुकीच्या खास तेलाचा थेंब लावायचा. दुसरं कुठलंही तेल चालत नाही. हे अमृतरावांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण गेल्या खंडेनवमीला त्यांची भक्ती उतू गेली आणि समईतलं तिळाचं तेल त्यांनी एकेका बंदुकीच्या पोटात घातलं. देवाचं तेल म्हणून! रबरं फुगली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला आलेल्या गिऱ्हाइकांपुढे बंदुका नुसत्या खोकत राहिल्या. तेव्हापासून तेलाची बाटली महानंदाच्या ताब्यात होती आणि मालकालाही त्या बाटलीला हात लावायची सोय नव्हती.

पाण्याचंही तिचं तसंच. एका तांब्यात सगळ्या बंदुका पुसून काढायची आणि वर उरलेलं पाणी फाटकापाशी लावलेल्या बेलाच्या रोपाला घालायची.

त्याच फाटकाबाहेर गावचा हौद होता. अमृतरावांच्या वडिलांनी बांधलेला. आपल्या बोअरचं पाणी आधी हौदात सोडायचं, मग शेताला, ही रीत त्यांनी घालून दिली होती. आता गावातल्या बाकीच्या बोअरांतून नुसती हवा येत होती, आणि टँकर म्हणजे आला तर आला. सगळ्या गावाची तहान त्या एका हौदावर येऊन ठेपली होती. आणि नेमका खंडेनवमीला आठवडा असताना अमृतरावांनी हौदाचा कॉक बंद केला.

कारण मोठं होतं. नव्या जिल्ह्याच्या मागणीसाठी जी कृती समिती निघाली होती, तिचे अध्यक्ष शेषेराव आपले कार्यकर्ते घेऊन खंडेनवमीला खेळायला येणार होते. रंगल्यावर सगळ्यांना अंघोळी लागणार. बोअरची धार करंगळीएवढी. हौद भरावा तर अंघोळीची टाकी रिकामी राहते.

महानंदा दोनदा बोलली. "अण्णा, हौद कोरडा ठणठणीत पडलाय. बाया चार कोसावरनं पानी आनायल्यात. गुणाबाई काल घागरीसकट पडली."

"पार्टी होऊन जाऊ दे, मग सोडतो," अमृतराव म्हणाले. "जिल्हा झाला की गावाला नळच येनारेत. तू आपल्या बंदुका बघ."

मग तिनं बंदुका बघितल्या.

त्या घरात खंडेनवमीला हत्यारं पूजेला मांडली, की दसऱ्याच्या पूजेपर्यंत कोणी उचलायची नाहीत. कोयता नाही, तराजू नाही, काही नाही. अमृतरावांच्या आई रत्नम्मा या बाबतीत कुणाचं ऐकत नसत. म्हणून अमृतरावांनी शक्कल काढली होती. महानंदाला बाजूला घेऊन ते म्हणाले, "अव्वासाठी पूजेला एक बंदूक मांड. बाकीच्या शेडात ठेव. लोक आले की चालवू."

सकाळी रत्नम्मा विभूती लावून, ताट घेऊन पडवीत आल्या तेव्हा पांढऱ्या धोतरावर सगळ्या बंदुका मांडलेल्या होत्या. नुसत्या मांडलेल्या नव्हत्या, पार खोललेल्या. नळ्या एका ओळीत, दट्ट्ये दुसऱ्या ओळीत, स्प्रिंगा वाटीत, रबरी कडी पानावर. सगळं लख्ख. शेजारी कोयते, खुरपी, तराजू आणि महानंदाचे स्वतःचे पाने-पकडी. रत्नम्मांना एवढा आनंद झाला की त्यांनी प्रत्येक दट्ट्याला वेगळं कुंकू लावलं.

अमृतराव आले ते शेषेरावांना फाटकातून घेऊनच. पडवीतलं दृश्य पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय करून ठेवलंस?"

"पूजा केली, अण्णा."

"जोड पटापट!"

"उद्यापर्यंत हात न्हाई लावायचा कुणी," रत्नम्मा मध्ये पडल्या. "तिनं रीतीनं केलंय. पावन्यांना चहा द्या, जेवू घाला. खेळायला उद्या या म्हनावं."

शेषेराव कसनुसं हसले. आईपुढे अमृतरावांचं चालत नसे. इथे महानंदानं मान खाली घातली असती तर सगळं निभावून गेलं असतं. देवाच्या आड ती सुखरूप होती. पण उद्या पार्टी पुन्हा येणार, उद्याही टाकी अंघोळींना जाणार, आणि हौद तसाच राहणार. शिवाय देवाचं नाव पुढे करून आपण मागे लपलो, याची तिला मनापासून लाज वाटली.

"अव्वा, रीतीसाठी न्हाई केलं म्या," ती म्हणाली. "हौद बंद हाय म्हनून केलं. अण्णा, हौदाचा कॉक सोडा. मी आत्ता बसून सगळ्या जोडून देते."

रत्नम्मांनी हातातलं ताट खाली ठेवलं. अमृतरावांना मात्र एकदम बळ आलं. ते हसलेच.

"आस्सं! म्हंजे रीत दाखवून मला आडवती व्हय? मग ऐक. मोटारीच्या स्टार्टरला पन सकाळी मीच कुंकू लावलंय. मोटार बी हत्यारच की. बंदुका ऱ्हानार बसून, तर मोटार बी ऱ्हानार बसून. उद्यापर्यंत हात न्हाई लावायचा कुणी. काय अव्वा?"

रत्नम्मांनी होकाराची मान हलवली. रीत तीच होती. अंघोळीची टाकी तर पहाटेच भरून झाली होती. बारा वाजता लाइट जाणार होती, ती थेट रात्री येणार. फाटकाबाहेर हौदापाशी बाया घागरी टेकवून उभ्या होत्या. गाड्या आल्या म्हणजे कॉक सुटेल, अशी कुणीतरी आशा लावली होती त्यांना.

महानंदानं स्वतःचाच फास स्वतःच्या गळ्यात पडलेला पाहिला. तिला राग आला, अमृतरावांचा आला त्याहून स्वतःचा जास्त आला. ती उठली. पूजेतला आपला पाना उचलला. रत्नम्मा "अगं, अगं" म्हणेपर्यंत ती पायऱ्या उतरून बोअरपाशी पोचली होती. हौदाचा कॉक जाम झाला होता, तो तिनं पान्यानं फिरवला. मग स्टार्टरवरचं कुंकू पदरानं पुसलं आणि हिरवं बटण दाबलं.

मोटार घरघरली. पाइपातून आधी हवा आली, मग गढूळ, मग चांगलं पाणी. बाहेर बायांचा एकच गलका उठला.

"बाटवलंस," रत्नम्मा मागून धापा टाकत आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "पूजेतली मोटार बाटवलीस, पोरी."

"हाव, बाटवली. पाप लागायचं ते मला लागू द्या, अव्वा. मी सोसते. पर तान न्हाई सोसत आता."

अमृतराव तावातावानं लाल बटणाकडे आले. महानंदा स्टार्टरला पाठ लावून उभी राहिली. बाईमाणसाला हात धरून बाजूला करायचं, तेही अध्यक्षांसमोर, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

"सरक!"

"न्हाई सरकत. हौद भरल्याबिगर न्हाई."

"शेषेराव, बगा तुमीच," अमृतरावांनी तक्रार केली.

शेषेरावांनी हौदाकडे बघितलं. गावातल्या निम्म्या मतदार तिथे घागरी धुऊन घेत होत्या. "नव्या जिल्ह्याची मागनीच पान्यासाठी हाय आपली," ते घसा साफ करून म्हणाले. "भरू द्या की हो." हे त्यांना आत्ताच सुचलं होतं, पण म्हणाले असे की कालपासून पाठ करून आले असावेत.

तरी अमृतराव हटेनात. "अव्वा, तू सांग तिला! तुजी पूजा मोडली तिनं."

रत्नम्मांनी डोळे पुसले. त्यांनी हौदात पडणाऱ्या धारेकडे बघितलं. त्यांच्या नवऱ्यानं बांधलेला हौद होता तो, आणि आठवडाभर तो कोरडा होता हे घरात बसलेल्या त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"मोडली ती मोडली," त्या म्हणाल्या. "आता मोटार मधीच बंद केली तर पाप बी लागंल आन पानी बी जाईल. भरू दे. निम्मं पाप माज्या नावावर."

लाइट जाईपर्यंत मोटार चालली. हौद काठोकाठ भरला नाही, पण शेवटच्या बाईची घागर भरली.

मग महानंदा बोलल्याप्रमाणे बंदुका जोडायला पडवीत येऊन बसली. कुंकू नळीत राहिलं तर गोळी आतच फुटेल, म्हणून एकेक भाग पुन्हा पुसला. कड्यांना तेल दिलं, दट्ट्ये बसवले, नळ्या फिरवून घट्ट केल्या. प्रत्येक बंदूक जमिनीकडे धरून एकदा उडवून बघितली. मास्क घातल्याशिवाय कुणाच्या हातात दिली नाही, अध्यक्षांच्याही नाही. रत्नम्मांनी तिला अडवलं नाही, फक्त त्या आत निघून गेल्या. कार्यकर्ते आरडाओरडा करत माळावर पांगले.

अमृतराव इतका वेळ खांबाला टेकून उभे होते. शेवटची बंदूक गेल्यावर ते म्हणाले, "झालं तुझं समाधान? आता उद्यापासनं कामाला येऊ नको."

महानंदानं तेलाची बाटली झाकण घट्ट लावून त्यांच्या हातात दिली. पाना मात्र कमरेला खोचला.

"कामाला न्हाई येत," ती म्हणाली. "पर येनार. लाइट आली की हौद भरायचाय."