घोरणारा मामा

निर्वासितांची नोंदणी करणाऱ्या बाईंचा एक ठोकताळा होता: सख्खी भाची मामाची थट्टा करते, विकायला आणलेली पोर मान वर करत नाही. म्हणून त्यांनी मामाबरोबर आलेल्या एका मुलीला विचारलं, "काय गं, मामा कसा आहे?"

"घोरतो इतका, की बोटीतले उंदीर पळाले!"

बाई खळखळून हसल्या आणि त्यांनी शिक्का मारला.

आठवड्याने दुसरी पोर आली, दुसऱ्याच मामाबरोबर. बाईंनी तेच विचारलं.

"घोरतो इतका, की बोटीतले उंदीर पळाले!"

बाईंनी तिला हाताला धरून आत नेलं, दाराला कडी घातली आणि पहिलीच्या पत्त्यावर माणूस धाडला. तिथे नुसतं कुलूप होतं.

पहिली स्वतः हसली नव्हती, हे बाईंना तेव्हा आठवलं.