वेगळी बादली

"आवं, दूध करपलं की!"

मी मोरीतून ओरडतच आले. पातेल्याचा कोळसा झालेला, वास पार जिन्यापर्यंत गेलेला, आणि आमचे हे गॅसजवळच पाट टाकून, पेपर तोंडासमोर धरून खुशाल वाचत बसलेले.

"सर्दी झालीया जरा," असं म्हणून त्यांनी गॅस बंद केला.

"सात वर्सं झाली ह्या सर्दीला!"

माझ्या जिभेला हाड नाही, असं सासूबाई म्हणायच्या ते काही खोटं नव्हतं. मागे वळून बघते तर उज्वला, आमची लेक, दारात उभी.

"पप्पा, म्हणजे तुम्हाला वास येतच नाही?"

पेपर पुन्हा वर गेला.

हे साताऱ्याचे बी.एस्सी., केमिस्ट्रीचे. लग्न झालं तेव्हापासून तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत, प्लँटवर. ह्यांच्या कपड्यांना असा उग्र दर्प यायचा की मी त्यांची बादलीच वेगळी केली, गॅलरीत. घरातले बाकीचे कपडे तिच्यात कधी टाकले नाहीत. हळूहळू ह्यांचं नाकच गेलं. कंपनीत कळलं तर प्लँटवरून काढतील, म्हणून घरातही कुणाला सांगायचं नाही अशी मला ताकीद होती.

आणि नेमकं त्याच दिवशी उज्वलाच्या एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी कलिनाला, विद्यापीठात जायचं होतं. केमिस्ट्रीत तिथे चार वाटा. ऑर्गॅनिक, इनऑर्गॅनिक, फिजिकल, अ‍ॅनालिटिकल. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. पोरीला ऑर्गॅनिकच हवं होतं. हे म्हणायचे, "फिजिकल घे, कॉलेजात शिकव. ऑर्गॅनिकवाल्यांच्या नशिबी शेवटी प्लँटच." ती म्हणायची, मी मुलगी आहे म्हणून अडवताय. बापलेकीचा अबोलाच होता म्हणा ना.

बसमध्ये उज्वला आपणहून ह्यांच्या शेजारी बसली. मग हेच म्हणाले, "कॉलेजात एस्टर केलं हुतं का गं तुमी? केळ्याच्या वासाचं?"

"हो. भारी येतो वास."

"आमी केलं तवा सगळ्या व्हरांड्यात घमघमाट सुटलेला. शिपाई इचारत आला, केळी कुणी आणली? त्या दिशी ठरवलं हुतं, शिकीन तर ऑर्गॅनिकच."

"मग का नाही शिकलात?"

"तुजं आजोबा म्हणाले, नोकरी धर. मी म्हणलं, चालंल."

एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघायला लागले. इतक्या वर्षांच्या संसारात हे मला कधी सांगितलं नव्हतं. वाईट वाटलं मला, आणि थोडा रागही आला.

विद्यापीठात एका मोठ्या खोलीत एकेकाचं नाव पुकारत होते.

"उज्वला शहाजी निकम!"

ती टेबलाजवळ गेली. सरांनी तिचे मार्क बघितले. "छान आहेत की. बोला, कुठली शाखा? ऑर्गॅनिकला अजून जागा आहेत."

तिनं एकदा मागे वळून ह्यांच्याकडे बघितलं.

"फिजिकल, सर."

महिनाभराचं भांडण हे जिंकले होते. मला वाटलं, आता सुटकेचा निःश्वास टाकतील. तर हे उठून उभे.

"सर, थांबा जरा. ऑर्गॅनिक लिवा तिचं."

"पप्पा, राहू दे ना. मला चालेल."

"मीबी चालंलच म्हणलो हुतो, उज्वला."

सगळी खोली आमच्याकडे बघत होती. ह्यांना त्याचं भानच नव्हतं. "फकस्त तोंडाला फडकं बांधून काम करत जा, म्हंजे झालं," एवढं म्हणून ते खाली बसले. पेन हातात धरून सर म्हणाले, "मग नक्की काय लिहू?"

"ऑर्गॅनिक," उज्वला म्हणाली आणि रडायलाच लागली.

पहिलं प्रॅक्टिकल झालं त्या दिवशी ती संध्याकाळी घरी आली. चपला काढतेय तोवर असा भपकारा आला म्हणता! माळ्यावर उंदीर मेल्यावर येतो ना, तसला. मी पदर नाकाला लावणार, तेवढ्यात कॉटवरून ह्यांनी हाक मारली.

"उज्वला, ओढणी आण बघू हिकडं."

तिनं दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी नाकाशी धरली, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला.

"एस्टर केलं ना गं? केळं?"

पोरीनं माझ्याकडे बघितलं.

"हो पप्पा. केळंच."

"तुला येतोय का गं वास?" त्यांनी मला विचारलं.

"येतोय की," मी म्हणाले. "घर भरलंय नुसतं."

ते हसले. ओढणीची नीट घडी करून त्यांनी माझ्या हातात दिली. मी गॅलरीत गेले, ह्यांच्या बादलीत त्यांचा शर्ट भिजत पडला होता त्यावर ती टाकली आणि वरून थोडं पाणी ओतलं.